‘कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?’ हा पहिला प्रश्न नव्हे

चिचगडहून ओळखीतल्या एका मुलीचा फोन आला. चिचगड म्हणजे गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातलं, छत्तीसगडच्या बाजूचं, जंगलाच्या सोबतीनं राहणारं गाव. तिची आजी पावसाळ्यात रानातून तरोटा, वास्ते, सात्या आणते. त्यांची मराठी आणि गोंडी नावं, ओळखायच्या खुणा, शिजवायची रीत असं सगळं या मुलीनं वहीत उतरवलंय. आता त्याचं वेबपान करायचंय. ‘‘काका, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ जी?’’

तिनं आधी तिघांना विचारलं होतं. एकानं विक्स सांगितलं, दुसऱ्यानं वर्डप्रेस, तिसऱ्यानं ड्रीमवीव्हरचा क्लास. सल्ले निराळे, पण पोटात समजूत एकच : नवशिक्याला एचटीएमएल झेपत नाही, त्याला माउसनं चौकटी ओढू द्याव्यात. ही समजूत मला चुकीची वाटते आणि नवशिक्याचा अपमान करणारीही.

‘कोड नको, नुसतं ओढा आणि सोडा’ हे आश्वासन जुनं आहे. मायक्रोसॉफ्टनं १९९६ मध्ये फ्रंटपेज विकत घेतलं. त्यातले फॉर्म आणि भेटींचे आकडे सर्व्हरवर खास जोडण्या असतील तरच चालत. २००३ची आवृत्ती शेवटची ठरली, पुढे सर्व्हरवाल्यांनी त्या जोडण्या काढल्या आणि पानांचे तेवढे भाग बंद पडले. याहूनं २००९ मध्ये जिओसिटीज बंद केलं, तेव्हा लोकांनी हौसेनं रचलेली असंख्य पानं गेली. अडोबीचं म्यूज तर कोड न लिहिणाऱ्यांसाठीच होतं. २०१८ मध्ये त्याचं काम थांबलं, २०२० मध्ये आधारही संपला. पानं करणाऱ्यांची यात काही चूक नव्हती. त्यांनी फक्त पानाचं आयुष्य सॉफ्टवेअरच्या आयुष्याला बांधलं होतं.

उलट उदाहरण पाहा. सर्न या संशोधन संस्थेनं २०१३ मध्ये जगातल्या पहिल्या वेबसाइटची १९९२ची प्रत मूळ पत्त्यावर पुन्हा ठेवली. साधं एचटीएमएल आहे ते. आजच्या मोबाइलवरही उघडतं.

विक्सवर पान लवकर होतं आणि देखणं होतं, हे खरं. पण तिथं केलेली साइट उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेता येत नाही, हे ती कंपनी स्वतःच सांगते. वर्डप्रेसची गोष्ट वेगळी : ते मुक्त आहे, मजकूर बाहेर काढता येतो. दहा जण रोज लिहिणार असतील तर खुशाल घ्यावं. पण वर्षातून दोनदा बदलणाऱ्या पानासाठी डेटाबेस, थीम, प्लगिन आणि त्यांचे अपडेट सांभाळत बसायचं कशाला?

वजनाचाही हिशेब करा. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे हजार चिन्हांचा मजकूर साधारण ३ केबी. आज वेबवरचं सर्वसाधारण पान २ एमबीच्या वर असतं. रेंजचा एकच दांडा दिसत असेल तिथं हा फरक म्हणजे पान उघडणं आणि न उघडणं.

‘पण हातानं लिहिलेलं पान ओबडधोबड दिसतं,’ असं म्हणतील. दिसतं. पहिली पोळीही गोल होत नाही. शीर्षक, परिच्छेद, यादी, चित्र, दुवा या पाच खुणा आल्या की वहीतला सगळा मजकूर पानावर मांडता येतो. त्या शिकायला दोन दुपारी पुरतात. ओढा-सोडाचे मेनूही शिकावेच लागतात, आणि ते पुढच्या आवृत्तीत बदलतात. शिवाय ‘हा शब्द गोंडी आहे’ अशी खूण एचटीएमएलमध्ये करता येते; तयार सॉफ्टवेअरच्या भाषांच्या यादीत गोंडी क्वचितच सापडेल.

नवशिक्याची खरी अडचण भलतीकडेच असते. डीटीपीच्या दुकानात कृतिदेवमध्ये टाइप करून घेतलेला मजकूर पानावर चिकटवला की रोमन अक्षरांचा काला होतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. जुन्या नोटपॅडमध्ये सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडलं नाही तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात. मोबाइलवर काढलेला फोटो लहान न करता लावला तर वर वाचवलेलं सगळं वजन परत येतं. ‘हे घे, ते घे’ सांगणाऱ्या तिघांपैकी एकानंही तिला यातलं काही सांगितलं नव्हतं.

मी तिला सांगितलं : नोटपॅड आहेच, नोटपॅड प्लस प्लस फुकट मिळतं, फोनवर साधा टेक्स्ट एडिटर चालेल. आधी एका भाजीचं पान कर, फाइल स्वतःजवळ ठेव, पेनड्राइव्हवर एक प्रत काढ. मग गिटहब पेजेसवर फुकट चढव. उद्या ते बंद पडलं तरी तीच फाइल दुसरीकडे चढवता येईल. पुढे हवं ते सॉफ्टवेअर घे. तेव्हा ते काय करतंय हे तुला कळत असेल आणि सोडताही येईल.

तुम्हालाही कोणी नवशिक्या हा प्रश्न विचारेल. नाव सांगण्याआधी एवढंच विचारा : हे सॉफ्टवेअर उद्या बंद पडलं, तर तुझ्या हातात काय उरेल?