पिशवी धुतली, पण बाजाराचे काय?

प्रतिनिधी, मुंबई

किराण्याची पिशवी दोन दिवस दाराबाहेर, दुधाची पिशवी साबणाच्या पाण्यात आणि भाजी मिठाच्या पाण्यात. २०२०च्या टाळेबंदीत शहरांतील घराघरांत हा क्रम ठरून गेला होता. करोनाच्या भीतीने अंगवळणी पडलेल्या या सवयींपैकी उपयोगाच्या किती आणि केवळ मनाच्या समाधानाच्या किती, हे आता पुरेसे स्पष्ट झाले आहे. पुढील साथीची तयारी करताना हा हिशेब मांडायला हवा.

भीती अगदीच निराधार नव्हती. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मार्च २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हा विषाणू प्लास्टिक व पोलादावर ७२ तासांपर्यंत, तर पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत टिकल्याचे आढळले. घरोघरी पोहोचले ते हे आकडे. पण प्रयोगशाळेतील परिस्थिती घरातल्यासारखी नसते आणि त्या प्रयोगातही विषाणूचे प्रमाण तासागणिक झपाट्याने घटत होते, हा तपशील मागेच राहिला. अमेरिकेतील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ इमॅन्युएल गोल्डमन यांनी जुलै २०२०मध्येच 'लॅन्सेट'च्या संसर्गजन्य रोगविषयक नियतकालिकात या भीतीला अतिरंजित ठरवले. दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून संसर्ग होण्याची शक्यता साधारणतः दहा हजारांत एकापेक्षाही कमी असल्याचे अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१मध्ये सांगितले.

खरा धोका होता तो बंदिस्त हवेत आणि माणसांच्या गर्दीत. मुंबईला भाजीपाला व धान्य पुरवणारी वाशीची कृषी उत्पन्न बाजार समिती ११ ते १७ मे २०२० या काळात बंद ठेवावी लागली, ती व्यापारी, माथाडी कामगार व कर्मचाऱ्यांमध्ये संसर्ग पसरल्यामुळे. त्याच सुमारास चेन्नईतील कोयंबेडू बाजारातूनही मोठ्या प्रमाणावर रुग्ण आढळले. म्हणजे ग्राहक घरी कोबी धूत असताना तो कोबी उतरवून घेणारा माणूस दाटीवाटीत उभा होता. घरपोच सेवेने गर्दीतून सुटका झाली ती ग्राहकाची. माल भरणाऱ्या व पोहोचवणाऱ्यांची जोखीम कायम राहिली. तरीही अनेक ठिकाणी संशयाने पाहिले गेले ते त्यांच्याकडेच.

स्वच्छता व्यर्थ होती, असा याचा अर्थ नव्हे. सामान जागेवर लावल्यानंतर आणि स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुणे, फळे-भाज्या वाहत्या पाण्यात नीट चोळून धुणे, या सवयी पोटाच्या विकारांपासूनही संरक्षण देतात. मात्र भाजीला साबण किंवा जंतुनाशक लावणे अपायकारकच. सालीवर राहिलेला त्याचा अंश पोटात गेल्यास मळमळ, जुलाब होऊ शकतात. श्वासावाटे पसरणाऱ्या साथीत मोकळ्या हवेत खरेदी, बाजारातील अंतर, मुखपट्टी आणि माल दाराशी ठेवून घेणे हे उपाय पिशवी पुसण्यापेक्षा अधिक मोलाचे ठरतात.

पुढची साथ कोणत्या मार्गाने येईल, हे सांगता येत नाही. परंतु ग्राहकाचे घर सुरक्षित ठेवायचे, तर बाजारातील हमाल आणि दारापर्यंत येणारा कामगार आधी सुरक्षित हवा. आजारपणात भरपगारी रजा, मुखपट्टी आणि खेळती हवा यांची तजवीज बाजार समित्या व कंपन्यांनी साथ येण्यापूर्वीच करायला हवी. घरातील नळाखाली ती होणार नाही.