आभाळाला कुलूप कुणी लावायचे?

एखाद्या देशाने आगळीक केली, की त्याची विमाने आपल्या आकाशातून आणि धावपट्ट्यांवरून हद्दपार करायची, हा शिक्षेचा प्रकार आता चांगलाच रुळला आहे. जालन्याहून प्रवासी विमान सुटत नाही. विमान गाठायचे तर चिकलठाण्याला नाहीतर मुंबईला जावे लागते. त्यामुळे असली बातमी आम्ही चहाबरोबर वाचतो आणि पान उलटतो. पण माझी उमेदीची सारी वर्षे बँकेच्या नोकरीत गेली. हुकूम काय निघाला यापेक्षा त्याची वसुली कशी होणार, हा प्रश्न मला आधी सुचतो. रस्त्यावर नाका बसवता येतो. आभाळात तो कुठे बसवायचा?

या प्रश्नाचा पहिला धडा मराठवाड्याला घरच्या अंगणातच मिळाला होता. १९४८ साली जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थान चारी बाजूंनी भारताने वेढलेले आणि त्याची आर्थिक कोंडी चाललेली. समुद्र नाही, बंदर नाही. शस्त्रे येणार कुठून? ती आकाशातून आली. सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने लँकॅस्ट्रियन जातीची विमाने जमवली आणि कराचीहून रात्री-अपरात्री निजामाला शस्त्रे पोचवायला सुरुवात केली. विमाने बिदर, वरंगळकडे उतरत. नकाशावर कराची ते बिदर सरळ रेष ओढून पाहा. ती बीडच्या आसपासून जाते. १३ सप्टेंबरला पोलीस कारवाई सुरू झाली, १५ तारखेला गुरखा पलटणीची एक तुकडी जालन्याचा ताबा घेण्यासाठी मागे ठेवून फौज पुढे सरकली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. कॉटनवर पुढे लंडनमध्ये खटला झाला, तो २०० पौंडांच्या दंडावर भागला. एवढ्या उलाढालीपुढे ही रक्कम म्हणजे चहापाण्याचा खर्च!

दुसरा धडा गोव्याचा. १९५१ मध्ये सालाझारच्या पोर्तुगालने राज्यघटना बदलून आपल्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हणायला सुरुवात केली. नाव बदलले की ताबा पक्का होतो, असा काहींचा समज असतो. १९५५ मध्ये भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. रेल्वे थांबली, सीमा बंद झाली. पोर्तुगालने काय केले? दाभोळीला विमानतळ उभारला, स्वतंत्र विमानकंपनी काढली आणि गोव्याहून कराचीकडे विमाने सुरू केली. हॉलंडचे बटाटे आणि सिलोनचा चहा गोव्यात पोचू लागला. जपानकडे लोहखनिज जाऊ लागले, आणि ते इतके की नाकेबंदीच्या काळातच खाणमालक गब्बर झाले. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाभोळीची धावपट्टी फोडली. तरी त्या रात्री तिथे उभी असलेली दोन प्रवासी विमाने उरल्यासुरल्या धावपट्टीवरून उडाली आणि अधिकाऱ्यांच्या बायकामुलांना घेऊन कराचीला पोचली.

दोन्ही वेळा दार एकच होते, कराचीचे. उड्डाणबंदी हुकूम काढणाऱ्याच्या ताकदीवर फार कमी चालते. शेजारी तिला किती मानतो, यावर ती खरी उभी असते.

आता ताजे उदाहरण घेऊ, कारण आजची बंदी तोफांपेक्षा कागदांवर अधिक चालते. अटलांटिक महासागरात बर्म्युडा नावाचे एक चिमुकले बेट आहे. ते ब्रिटनचा सागरपार प्रदेश. लोकवस्ती जेमतेम ६४ हजार, म्हणजे आपल्याकडचे एखादे तालुक्याचे गाव. पण २०२२ साली रशियात उडणारी सातशेहून अधिक विमाने या बेटाच्या दप्तरी नोंदलेली होती. मालक बहुतेक परदेशी भाडेकंपन्या, चालवणाऱ्या रशियन कंपन्या आणि नोंदणी बर्म्युडाची. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर ब्रिटन आणि युरोपने आपले आकाश बंद केले. लंडनमध्ये झालेले निर्बंध अशा प्रदेशांना आपोआप लागू होत नाहीत. कुठे राजाज्ञा काढावी लागते, तर बर्म्युडासारख्या ठिकाणी स्थानिक कायदा लागतो. १२ मार्चला बर्म्युडाच्या विमान प्राधिकरणाने या विमानांची उड्डाणयोग्यतेची प्रमाणपत्रे स्थगित केली. कारण दिले ते असे, की आता सुरक्षिततेवर देखरेख ठेवता येत नाही. एका बेटावरच्या कचेरीतून निघालेल्या पत्राने एवढी विमाने कागदोपत्री जमिनीवर आणली!

कागदोपत्रीच. ग्रामीण शाखेत काम केलेल्या कुणालाही पुढचे सांगावे लागणार नाही. ट्रॅक्टर बँकेकडे नजरगहाण असतो, नोंदणी पुस्तकावर बँकेचे नाव असते. आणि हप्ते थकल्यावर पाहावे तर ट्रॅक्टर तिसऱ्याच जिल्ह्यात कुणाची तरी नांगरट करीत असतो. बँकेच्या कपाटात कागद तेवढा असतो. रशियाने दोनच दिवसांत कायदा करून ती विमाने आपल्या नोंदवहीत चढवली आणि देशांतर्गत उडवत ठेवली. परदेशी कंपन्यांची चारशेहून अधिक विमाने तिथे अडकली. प्रकरण विम्यावर आले आणि जून २०२५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने भरपाईचा बोजा विमा कंपन्यांवर टाकला.

म्हणून कागद निरुपयोगी असे मात्र नव्हे. त्या विमानांना परदेशी धावपट्टीवर जप्तीची धास्ती राहिली, सुटे भाग मिळणे अवघड झाले. पण ही जप्ती करायची कुणी? जून २०२२ मध्ये कोलंबोच्या न्यायालयाने आयर्लंडच्या एका भाडेकंपनीच्या तक्रारीवरून एरोफ्लोटचे विमान रोखले. श्रीलंकेची तिजोरी तेव्हा रिकामी होती, पेट्रोलसाठी रांगा लागल्या होत्या. रशियाने कोलंबोची विमानसेवा थांबवली आणि काही दिवसांत आदेश मागे घेतला गेला. हुकूम श्रीमंतांचा आणि पहारा गरिबाने द्यायचा, अशी ही व्यवस्था आहे. ती टिकणार किती?

आता या कुलपाची दुसरी बाजू. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळला. तिथे अडकलेल्या भारतीयांत आपली मराठी माणसेही होती. कुवेतचा विमानतळ बंद, पुढे २५ सप्टेंबरला सुरक्षा परिषदेने हवाई निर्बंधांचा ठराव केला. तरी माणसे सुटली, कारण जॉर्डनने अम्मानचे दार उघडे ठेवले. बसने बगदादमार्गे वाळवंट तुडवत लोक अम्मानला पोचले आणि एअर इंडियाने दोन महिन्यांत ४८८ उड्डाणे करून एक लाख ११ हजारांहून अधिक लोकांना मायदेशी आणले. शेजाऱ्याचे जे उघडे दार १९४८ मध्ये शस्त्रांची चोरवाट होते, तेच १९९० मध्ये सुटकेची वाट झाले.

खरा पेच इथे आहे. सगळी दारे बंद केली तर सत्ताधाऱ्याआधी रोगी, विद्यार्थी आणि पोटासाठी गेलेला मजूर कोंडला जातो. दार किलकिले ठेवले तर त्यातून बंदुका येतात. लिबियावर एप्रिल १९९२ पासून सात वर्षे उड्डाणबंदी होती. गडाफींची सत्ता त्यानंतरही टिकली. पण उपचारासाठी ट्युनिशियाची सडक किंवा माल्टाची बोट धरावी लागली ती सामान्य लिबियन माणसाला. १९९८ मध्ये आफ्रिकी देशांनी ही बंदी पाळणार नसल्याचे जाहीर केले. शेवटी लॉकर्बी स्फोटातील संशयित हवाली होताच, एप्रिल १९९९ मध्ये ती स्थगित झाली. बंदी उठण्याची अट स्पष्ट होती, म्हणून तिला शेवट तरी सापडला.

भारत या खेळात सर्व बाजूंनी खेळला आहे. हैदराबाद आणि गोव्यात आपण कोंडी करणारे होतो, कुवेतमध्ये अडकलेले. २०२२ मध्ये आपण रशियावरच्या बंदीपासून दूर राहिलो. निर्बंध संयुक्त राष्ट्रांचे असतील तरच बंधनकारक, ही आपली जुनी भूमिका, आणि ते अमलात आणण्यासाठी १९४७ चा स्वतंत्र कायदाही आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानने आपल्या विमानांना आकाश बंद केले आणि आपण त्यांच्या. उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना लांबचा वळसा पडला. ज्यांचा मुलगा वा मुलगी तिकडे आहे, त्या घरांना हे राजकारण तिकिटाच्या दरातून आणि वाढलेल्या प्रवासातून कळले.

इतक्या बाजूंनी अनुभव घेतलेल्या देशाने जगापुढे तीन साध्या अटी मांडायला हव्यात. बँक कर्जमंजुरीच्या पत्रात घालते तशाच त्या आहेत. बंदी कोणत्या अटीवर उठेल, हे पहिल्या दिवशीच लिहून ठेवा. रोगी आणि अडकलेली माणसे यांच्यासाठीचे दार नंतर दयेपोटी उघडू नका. ते आराखड्यातच ठेवा आणि त्यावर सर्वांना मान्य असा द्वारपाल बसवा. आणि ज्या लहान शेजाऱ्याकडून पहारा करून घ्यायचा, त्याच्या नुकसानीचा वाटा हुकूम काढणाऱ्यांनी उचला.

या तीन अटींवाचून निघालेली उड्डाणबंदी जबर असेल तर निरपराध्यांना छळेल आणि ढिली असेल तर अपराध्यांना सोडेल. दोन्ही प्रकारांची किंमत हुकमावर सही करणारे देत नाहीत.