पांढरी दोनचा षड्ज

पियानो आणि गिटार शिकविणाऱ्या वर्गांतून 'मायनर म्हणजे उदास' हे सूत्र, जणू वडिलोपार्जित दस्तूरच असावा अशा थाटाने, विद्यार्थ्याच्या कानी पहिल्याच महिन्यात घातले जाते. आणि परीक्षेपुरती हार्मोनिक व मेलॉडिक मायनरची हजेरी लागली, की ते सारे प्रकरण दप्तरदाखल होते. या शिरस्त्याविरुद्ध माझी तक्रार आहे आणि ती डोरियन या मायनर मोडच्या वतीने आहे.

डोरियनचा परिचय करून देण्याची रूढ रीत अशी, की पांढरी दोनपासून वरच्या पांढरी दोनपर्यंत, एकाही काळ्या पट्टीस स्पर्श न करता, वाजवीत जावे. रीत चुकीची नाही, पण तिने कान फसतो. शेजारचा एक मुलगा परवा मला हेच वाजवून दाखवीत होता. वर गेला, खाली आला, आणि अखेरीस त्याचा अंगठा, कोणी न सांगता, आणखी एक पट्टी उतरून पांढरी एकवर विसावला. "काका, हे तर सी मेजरच झालं की!" तो म्हणाला. त्याचे म्हणणे सर्वस्वी रास्त होते. कारण स्वर तेच होते, आणि षड्ज बदलला आहे ही खबर त्याच्या कानाला कोणी दिलीच नव्हती. मग खर्जातली पांढरी दोन आणि तिचा पंचम अशा दोन पट्ट्या मी त्याला डाव्या हाताने धरावयास लावल्या, नाद विरला की पुन्हा दाबावयास सांगितले, आणि उजव्या हाताने तेच स्वर वाजवावयास लावले. या खेपेस पांढरी चारवर पोहोचताच तो थबकला. आतापर्यंत त्याच्या कानी मध्यम असलेला तो स्वर आता कोमल गंधार झाला होता.

षड्ज स्थिर झाल्यावाचून मोड ही वस्तू अस्तित्वातच येत नाही, हे तंबोऱ्याच्या सान्निध्यात वाढलेल्या कानाला समजावून सांगावे लागू नये. कोमल गंधार, कोमल निषाद आणि बाकीचे शुद्ध अशा ज्या चौकटीला विष्णु नारायण भातखंडे यांनी आपल्या दहा थाटांत काफी म्हटले, तीच डोरियनची चौकट. (काफी थाट म्हणजे काफी राग नव्हे, आणि समान अंतरांवर बेतलेला पियानोचा गंधार हा गवयाच्या गळ्यातला गंधार नव्हे, हे आधीच कबूल करून टाकतो, नाहीतर जाणकारांची पत्रे सुरू व्हायची.)

या चौकटीचा प्राण शुद्ध धैवतात आहे. नैसर्गिक मायनरचा, म्हणजे आसावरी थाटाचा, धैवत कोमल. दोहोंत भेद काय तो एवढाच, पण त्या एका स्वराच्या जोरावर मध्यमावरची कॉर्ड मेजर होते. गिटारवर चार मात्रा डी मायनर वाजवावी, चार मात्रा जी मेजर, आणि परत यावे. दुसरीची मोकळी तार जो बी स्वर देते, तोच हा धैवत. मग जी मेजरच्या जागी जी मायनर धरून पाहावी, म्हणजे उदास कशाला म्हणतात ते कळेल आणि डोरियनला तसे म्हणणे किती अन्यायाचे आहे तेही कळेल. डोरियनमध्ये दुःख असलेच, तर ते उठून कामाला लागलेले दुःख आहे.

माइल्स डेव्हिसने २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित केलेले 'सो व्हॉट' याच मोडवर उभे आहे: सोळा बार डी डोरियन, आठ बार अर्धा स्वर वर, आणि पुन्हा आठ बार मूळ ठिकाणी. त्यात पियानोवर बिल एव्हान्स ज्या दोन कॉर्डी देतो, त्यांतली पहिली ई, ए, डी, जी, बी अशी आहे. सर्वांत बारीक तार सोडली, तर गिटारच्या मोकळ्या पाच तारा नेमक्या याच स्वरांत लावलेल्या असतात. दुसरी कॉर्ड म्हणजे हेच पाचही स्वर एकेक पायरी खाली.

तेव्हा शिक्षकांना विनंती अशी, की मोडांची ग्रीक नावे पाठ करून घेण्याआधी त्यांनी विद्यार्थ्याचा डावा हात महिनाभर तरी पांढरी दोनवर राहू द्यावा. गिटारवाल्यांना तेवढीही तसदी नाही. त्यांची चौथी मोकळी तार डीच आहे.