कारखान्याची राख आणि पलूसची घरे

पलूस तालुक्यात नवे घर म्हणजे सिमेंट-काँक्रीटचे घर, हे समीकरण आता दृढ झाले आहे. पांढऱ्या मातीच्या भिंती आणि माळवद मागे पडल्याबद्दल हळहळ व्यक्त करणारे अनेक आहेत. परंतु या बदलामागील कारणे त्यांनी विसरू नयेत. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीत दगडमातीच्या भिंती आणि मातीची जड छपरे कोसळून हजारो माणसे गाडली गेली. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी भिलवडी-अंकलखोपच्या पट्ट्यात पाण्यात राहिलेल्या कच्च्या भिंतीचे काय होते, ते दाखविले. तेव्हा पक्क्या घराची ओढ ही चैन नव्हे. ती जिवाची काळजी आहे.

मात्र या पक्केपणाची किंमत मोठी आहे. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत भाजावी लागते. इंधनाचा धूर तर निघतोच. शिवाय चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि हा दुसरा वाटा अधिक असतो. जगातील एकूण कार्बन उत्सर्जनापैकी सात ते आठ टक्के सिमेंटच्या पदरी पडते. याच वायूने वाढणाऱ्या तापमानाबरोबर अतिवृष्टीचा धोका वाढतो. म्हणजे पुरापासून वाचविणारे छत पुढच्या पुराला हातभार लावते.

यावर उपाय मातीकडे परतण्याचा नसून सिमेंटमधील भाजलेल्या चुनखडीचा भाग कमी करण्याचा आहे. औष्णिक वीजकेंद्रांची राख १५ ते ३५ टक्के मिसळलेले सिमेंट गावच्या दुकानात आजही मिळते. भाजलेली चिकणमाती आणि कच्ची चुनखडी वापरून केलेल्या सिमेंटसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२३ मध्ये स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले. त्याने उत्सर्जन ३० ते ४० टक्क्यांपर्यंत घटू शकते.

पलूसजवळ आणखी एक साधन आहे. कुंडलसारख्या ठिकाणी साखर कारखान्यांच्या बॉयलरमध्ये बगॅस जळतो आणि सिलिकायुक्त राख उरते. ती नीट जळलेली, चाळलेली व बारीक दळलेली असेल, तर सिमेंटचा दहा ते वीस टक्के भाग तिने भरून काढता येतो, असे प्रयोगांतून दिसले आहे. टनभर उसामागे सुमारे सहा किलो राख धरली, तर दहा लाख टन गाळपातून सहा हजार टन मिळेल. २५ चौरस मीटरच्या घरकुलाला, चौरस फुटाला ०.४ पोते या ठोकताळ्याने, सुमारे साडेपाच टन सिमेंट लागते. त्यातील १५ टक्के राख धरल्यास ही राख सात हजार घरकुलांना पुरेल. सर्व बांधकामांचा भार ती उचलणार नाही. पण एका तालुक्याच्या घरकुलांना ती सहज पुरावी.

अडचण कोठे आहे? काँक्रीटच्या २००० सालच्या आय.एस. ४५६ या संहितेत भाताच्या तुसाच्या राखेचा उल्लेख आहे, उसाच्या राखेचा नाही. ज्या वस्तूला मानक नाही, तिच्यावर अभियंता सही करीत नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. दुसरी अडचण कामाच्या घाईची. मिश्र सिमेंटला ताकद सावकाश येते; म्हणून त्याला किमान १० दिवस पाणी मारावे लागते. उन्हाळ्यात घाईने सेंटरिंग काढणाऱ्या ठेकेदाराला हा हिशेब परवडत नाही आणि पुढे भेगा पडल्या की खापर राखेवर फुटते.

हे कोडे घरमालक एकटा सोडवू शकत नाही. आपल्या आयुष्याच्या पुंजीवर त्याने प्रयोग करावा, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. प्रारंभ सार्वजनिक पैशातून व्हावा. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि सांगलीचे वालचंद महाविद्यालय यांनी हंगामागून हंगाम राखेचे नमुने तपासावेत. निष्कर्ष अनुकूल आले, तर प्रथम पेव्हर ब्लॉक आणि गटारे, नंतर शाळांची कुंपणे आणि शेवटी घरकुले, असा क्रम ठेवावा. दरम्यान, मानक असलेले मिश्र सिमेंट सरकारी अंदाजपत्रकात घालण्यास कोणाची आडकाठी नाही. साखरेच्या जोरावर उभ्या राहिलेल्या या भागाने आपल्या राखेचा हिशेब मांडण्यास आता विलंब लावू नये.