रिपोर्टचा फोटो ही अमानत आहे

फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेची टाळेबंदी राज्यात आधी आपल्या अमरावती-अकोल्यात लागली. पुढचे तीन महिने मोहल्ल्याचे व्हॉट्सॲप ग्रुपच चौकशीची खिडकी झाले होते. बेड कुठे रिकामा आहे, सिलिंडर कोणाकडे आहे, इर्विनमध्ये किंवा अकोल्याच्या सर्वोपचारमध्ये कोणाला भेटायचं, सगळं तिथेच विचारलं जायचं. त्या मदतीचं मोल मोठंच आहे.

पण एक सवय मागे उरली. आजार कोणताही असो, नाव, पत्ता आणि रिपोर्टचा फोटो टाकायचा, खाली लिहायचं 'जास्तीत जास्त फॉरवर्ड करा'. रक्त हवं असेल तर ठीक. (तिथेही तारीख लिहा आणि रक्त मिळालं की कळवा, नाहीतर वर्षभराने लोक त्याच नंबरवर फोन करत राहतात.) टीबी, स्तनातली गाठ, नैराश्य यांचं तसं नाही. पठाण चौकातली किंवा बैदपुऱ्यातली एखादी मुलगी बहुधा सहा महिन्यांच्या औषधाने टीबीतून बरी होते, पण तिचा रिपोर्ट रिश्ता बघणाऱ्यांच्या फोनमध्ये राहतो. म्हणून कित्येक बायका विचारतच नाहीत आणि उपचार लांबतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे 'एन्क्रिप्टेड आहे ना भाऊ' हे नेहमी ऐकतो. एन्क्रिप्शन वाटेतल्या चोराला अडवतं. ग्रुपमध्ये १,०२४ जण असू शकतात, त्यांच्यातल्या एकाचाही स्क्रीनशॉट ते अडवत नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा व्यक्तीच्या खासगी, घरगुती वापराला लागू नाही. उरतो आपला शब्द. मजलिसीतली गोष्ट अमानत असते, हे लहानपणापासून ऐकलंय. ग्रुप ही मजलिसच आहे.

विचारा, पण माणूस न दाखवता. 'टीबीचं औषध मोफत कुठे मिळतं?' एवढं पुरतं. उत्तर: सरकारी दवाखान्यात, शिवाय नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिना १,००० रुपये. मनाच्या त्रासासाठी टेली-मानस, १४४१६, मराठीतही बोलतात. बायकांसाठी वेगळा छोटा ग्रुप असावा. प्रश्न एखाद्या नर्स आपाकडे जावा, तिने तो नाव काढून टाकावा.

ॲडमिनला कोणाचाही मेसेज सर्वांसाठी डिलीट करता येतो. गॅलरीत आपोआप उतरलेला फोटो मात्र तसाच राहू शकतो. म्हणून फोटो टाकणाऱ्या भावाला, नवऱ्याला ॲडमिनने लगेच विचारावं: जिचा रिपोर्ट आहे, तिला विचारलंय का?