थंड हॅमची कैफियत

उत्तर इंग्लंडातील या गिरणगावात मी राहावयास आलो, त्यास तीस हिवाळे लोटले. तथापि नाताळच्या पंधरवड्यात खाटकाच्या दुकानापुढे उभा राहिलो, म्हणजे अद्यापही मामलेदार कचेरीत प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या खेडुतासारखी माझी गत होते. कारण काचेआड मांडलेल्या प्रत्येक तुकड्यावर जी संज्ञा लिहिलेली असते, तिचा अर्थ गिऱ्हाइकास बाळकडूबरोबरच मिळालेला असावा, असे त्या दप्तराने गृहीत धरलेले असते.

वस्तुतः त्यातील मुख्य भेद मराठी माणसास अवघड वाटू नये. तांदूळ आणि भात यांत आपण जो फरक करतो, तोच येथे गॅमन आणि हॅम यांत केला जातो: डुकराची मागची मांडी मिठात मुरवून कच्चीच विक्रीस ठेवली, की ती गॅमन, आणि शिजून ताटात आली, की हॅम. यॉर्कच्या पद्धतीत मांडीस कोरडे मीठ चोळतात, विल्टशरच्या पद्धतीत ती मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. पुढे कोणी धुरी देतो, कोणी देत नाही. या मुरवणीत नायट्राइटचाही अंश असतो, आणि शिजल्यावर मांस करडे न पडता गुलाबी राहते, ते त्याच्याच योगाने.

हे सारे मला कळले ते मात्र एका फजितीनंतर. पहिल्याच वर्षी, किंमत तेवढी पाहून, रबरी जाळीत आवळलेला एक गोळा मी एका मोठ्या दुकानातून आणला आणि मटण शिजवावे त्याच हिशेबाने खदखदून उकळला. जाळी सोडताच त्या गोळ्यातील तुकड्यांनी आपसांतला तहनामा मोडला. सुरी लावली तेव्हा चकत्यांऐवजी चिंध्या निघाल्या, आणि आदल्या रात्री भिजत घालण्याचा शिरस्ता ठाऊक नसल्यामुळे त्या चिंध्याही इतक्या खारट, की पेणच्या मिठागरांशेजारी वाढलेल्या माझ्या पत्नीनेही पाण्याचा तांब्या जवळ ओढला. त्या दिवसापासून, तेव्हा पन्नाशीच्या घरात असलेल्या आमच्या शेजारीणबाईंनी या खात्याचा कारभार आपल्या हाती घेतला.

थंड काप करावयाचे असतील तर मांडीचा मधला भाग मागावा, हा त्यांचा पहिला हुकूम. खुराकडील नळीचा भाग चवीस उत्तम, पण त्यात हाड व शिरा एवढ्या, की तो सूपाच्याच कामाचा. स्लिपर नावाचा लहानसा तुकडा चरबीवाचून थंड होताच कोरडा पडतो. कोपऱ्याचा तुकडा स्वस्त आणि चांगला, परंतु तिरकस आकारामुळे चकत्या लहानमोठ्या निघतात. मधल्या भागात स्नायू रुंद व सलग असतात, आणि वर करंगळीएवढी जाड पांढरी चरबी असली म्हणजे खातरजमा झाली असे समजावे. वजन दोन किलोंच्या खाली नसावे, कारण शिजताना पाव हिस्सा तरी वजा होतो. वेष्टनावरील बारीक अक्षर सातबारा वाचावा तसे वाचावे. येथील कायद्याप्रमाणे पाच टक्क्यांहून अधिक पाणी मिसळलेले असल्यास ते नावातच नमूद करावे लागते, आणि मांसाच्या भावाने पाणी विकत घेण्याची हौस मला तरी नाही.

हल्लीचे मुरवण पूर्वीइतके तीव्र नसते. म्हणून मी तुकडा गार पाण्यात ठेवून एक उकळी आणतो व चमचाभर पाणी चाखतो. तोंड खारट झाले, तर ते पाणी ओतून पुन्हा नव्याने आरंभ करतो. दुसऱ्या पाण्यात अख्खा कांदा, गाजर, तमालपत्र, दहाबारा मिरी. मीठ अर्थातच नाही. पौंडास वीस मिनिटे आणि वर वीस, हा येथील घरोघरचा पाढा. दोन किलोंस त्या हिशेबाने सुमारे पावणेदोन तास लागतात. बाई घड्याळावर विसंबतात, मी मांसाच्या गाभ्यात उष्णतामापक खुपसतो आणि सत्तर अंश झाल्याची रुजवात घेतो. आमचे एकमत आचेविषयी: बुडबुडा सुस्त कारकुनाप्रमाणे, एका वेळी एक, सावकाश वर यावा. खळखळ उकळी आली की धागे आखडून आतला रस पिळून बाहेर टाकतात, आणि तो पुन्हा आत शिरत नाही.

परंतु ज्या टप्प्यावर मी वर्षानुवर्षे चुकत आलो, तो विस्तव विझल्यानंतरचा. शिजलेला हॅम तत्काळ बाहेर काढला, तर त्याच्या अंगातून वाफेच्या रूपाने ओलावा निघून जातो व दुसऱ्या दिवशीची चकती पुठ्ठ्यासारखी लागते; म्हणून आमच्या घरी तो पातेल्यासकट मोरीतील गार पाण्यात ठेवला जातो, त्या बाहेरच्या पाण्यात बर्फ टाकला जातो, आणि दीडेक तासाने, कोमटसर झाल्यावर, कातडे सोलून, चरबीवर भाजलेल्या पावाचा चुरा दाबून, कागदात गुंडाळून तो शीतपेटीत जातो. साखर व मोहरी चोपडून भट्टीत तकाकी आणण्याची चाल गरम जेवणास शोभते. थंड हॅमवरची ती साखर रात्रीतून पाझरते आणि सकाळी बशीत चिकट डबके उरते. (बाईंना हे मान्य नाही, त्या लवंगा टोचतातच.)

सकाळी लांब, अरुंद सुरीने, धाग्यांच्या आडव्या दिशेने, पारदर्शकतेच्या किंचित अलीकडची चकती निघते. उजेडात धरली तर तिच्यावर कधी मोरपिसासारखी हिरवट झाक दिसते; पहिल्या वेळी तो बिघाड समजून मी अर्धी बशी टाकून दिली होती. तो केवळ कापलेल्या धाग्यांवरून फाकणाऱ्या प्रकाशाचा खेळ. सोबत पिकलिली हवीच: हळद आणि मोहरी घालून पिवळेजर्द केलेले हे फ्लॉवरचे लोणचे अठराव्या शतकातील इंग्रज पाकपुस्तकांत हिंदुस्थानी लोणचे म्हणून नोंदलेले आढळते, यद्यपि आमच्या आजीने त्यास लोणचे म्हणण्यास साफ नकार दिला असता.

उरलेल्या पाण्यावर हक्क बाईंचा. १९४० च्या जानेवारीत हॅम व बेकन यांवर आलेले रेशन १९५४ च्या जुलैत उठले. आरंभी माणशी आठवड्यास चार औंस, एवढाच तो वाटा. रेशन उठले तेव्हा बाई शाळेत जात होत्या, आणि असे पाणी मोरीत ओतणाऱ्यास त्यांच्या आईने घरात उभे केले नसते. म्हणून दुपारी मी ते पातेले कुंपणावरून त्यांच्या हाती देतो, आणि संध्याकाळी त्याच पाण्यात शिजून घट्ट झालेल्या वाटाण्याच्या डाळीचा वाडगा परत येतो. मीठ बेताचे असले, तर बाई काही बोलत नाहीत, जास्त झाले असेल, तर वाडग्यावरच्या कागदाच्या चिठ्ठीवर एकच शब्द असतो: “भिजवा.”