डहाळ्यांचे कातकरी

आमच्या कुलाबा जिल्ह्यात (१९८१ पासून रायगड म्हणायचे) हायस्कुलाचे स्नेहसंमेलन ‘कातकरी नृत्या’वाचून पार पडत नाही. आळीतल्या मुली कमरेला आंब्याचे डहाळे बांधतात, तोंडाला काजळी फासतात, पालक खूश! अहो, पण कातकरवाडीची मुले कोठे आहेत? दिवाळी सरली की आईबापांमागे ती वीटभट्टीवर जातात, आणि संमेलन भरते डिसेंबरात. असली दोन नृत्ये मीच बसविली आहेत. आज लाज वाटते.

गौरव करायचाच तर पावसाळ्यात करा, मुले वाडीवर असताना. खैराच्या लाकडापासून कात कसा काढीत, हे त्यांनी आज्याला विचारून यावे आणि फळ्यापाशी उभे राहून सांगावे. गुरुजींनी बाकावर बसून ऐकावे. चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात २५ सप्टेंबर १९३० रोजी पोलिसांच्या गोळीने पडलेला नाग्या कातकरी त्यांचाच. त्या दिवशीचे भाषण त्यांच्यातल्याच पोराने करावे. अडखळला तर अडखळू द्या.

आणि भट्टीच्या दिवसांत मुले गावातच राहावीत म्हणून सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. त्यासाठी आपल्या शाळेतून अर्ज गेला का, हे संमेलनाची वर्गणी देताना मुख्याध्यापकांना विचारा.